दोन करवंट्या

डहाणू आणि तलासरीच्या मधल्या डोंगरपट्टीत एक पाडा होता. पाड्याच्या टोकाला एक कुडाचं घर होतं, कारवीच्या काठ्यांचं, वरून शेणमातीने सारवलेलं. घरात म्हातारा, म्हातारी, थोरली सून आणि आठ वर्षांची नात राहायची. दोन्ही मुलगे वेरावळच्या बोटींवर खलाशी होते. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला ते जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. सून चिकूच्या वाडीत तोडणीला जायची, ती दिवेलागणीलाच घरी दिसायची.

त्या पावसाळ्यात घरचा जुना कुत्रा फुरसं चावून मेला. मग मुंगुसाचं फावलं. एकेक करून कोंबड्या जायला लागल्या. म्हातारा म्हणाला, "घराला कुत्रा पाहिजे."

दिवाळी झाल्यावर म्हातारी आठवडे बाजाराला गेली. किनाऱ्यावरून येणारी एक सुक्या मासळीवाली तिच्या ओळखीची होती. बोंबलाच्या टोपलीशेजारी तिने आणखी एक टोपली ठेवली होती. तिच्यात दोन पिल्लं होती, एक काळं, एक तांबूस. दीड महिन्यांची असतील.

"बोंबील वाळवायच्या वलांडीखाली कुत्री व्याली होती," मासळीवाली म्हणाली. "परवा ती टेम्पोखाली गेली. ही दोनच उरली."

"मला एकच पुरे," म्हातारी म्हणाली.

"एक नेलंस तर रात्रभर रडेल बाय. दोन्ही ने. अंगाला अंग लावून झोपतील, तुला काही त्रास नाही. एकमेकांना सांभाळतील. एकाच्या खाण्यात दोन वाढतात."

बाई चांगल्या मनाची होती. पिल्लांची ताटातूट तिला बघवत नव्हती. म्हातारीलाही बघवली नाही. तिने दोन्ही पिल्लं पदरात घेतली.

मासळीवालीचं म्हणणं पहिल्या रात्रीच खरं ठरलं. पिल्लं रडली नाहीत. चुलीजवळच्या गोणपाटावर एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपली. कुणाला उठावं लागलं नाही. सकाळी नातीने एका करवंटीत पेज ओतली, दोघांनी त्यात तोंडं घातली. दिवसभर ती अंगणात एकमेकांशी कुस्ती खेळायची. कुणाला त्यांच्याशी खेळावं लागलं नाही. नातीने काळ्याला काळ्या म्हटलं, तांबूस होता त्याला तांब्या. पण हाक मारायची वेळ आली की घरातलं जो तो 'काळ्यातांब्या' अशी एकच हाक मारायचा.

म्हातारा खूश झाला. "एकाच्या कष्टात दोन झाले," तो म्हणायचा.

त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, जमीन हलायला लागली. आधी जमिनीच्या पोटातून घुमल्याचा आवाज यायचा, मग फळीवरची भांडी वाजायची. धुंदलवाडीच्या आजूबाजूला सगळ्याच पाड्यांत तसं व्हायला लागलं. विटांच्या घरांना तडे गेले. कुडाची घरं तग धरून राहिली, पण भीती कुडाच्या घरातही तेवढीच होती. थंडीचे दिवस असून लोक रात्री बाहेर झोपायला लागले. पुढे सरकारने तंबू दिले. तंबूत माणसं दाटीवाटीने झोपायची आणि पिल्लं आपली गोणपाटावर, बाहेर, एकमेकांना बिलगून.

पिल्लं वाढत होती. घरातल्यांना एकेक गोष्ट दिसत होती, पण कुणी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. करवंटी रिकामी व्हायची, तांब्याचं पोट टम्म दिसायचं आणि काळ्याच्या बरगड्या मोजता यायच्या. तांब्या पुढे धावायचा, काळ्या त्याच्या शेपटीमागे. घरी परकं माणूस आलं की तांब्या भुंकायचा, काळ्या त्याच्या आडोशाला उभा राहायचा. घरातलं कुणी जवळ गेलं तर दोघं क्षणभर शेपूट हलवायचे आणि लगेच एकमेकांकडे वळायचे. म्हातारी म्हणायची, "तांब्या धीट आहे, काळ्या भित्रा. ज्याचा त्याचा स्वभाव."

१ फेब्रुवारी २०१९ ला सकाळपासून धक्के बसत होते. दुपारी दोनच्या सुमाराला जो बसला तो सगळ्यांत मोठा, ४.१ तीव्रतेचा होता. पाडा किंचाळत अंगणात आला. म्हातारीने नातीला पोटाशी धरलं. म्हाताऱ्याने बैल सोडले. जमीन थांबल्यावर माणसं मोजली, कोंबड्या मोजल्या. पिल्लं नव्हती.

ती एकमेकांच्या मागे धावत सुटली होती. म्हातारा ओढ्यापर्यंत जाऊन आला. नात गळा सुकेस्तोवर ओरडली, "काळ्यातांब्या! काळ्यातांब्या!" अंधार पडला. रात्रभर म्हातारी तंबूच्या तोंडाशी बसून राहिली.

सकाळी पिल्लं सापडली. ओढ्याच्या काठाला करवंदीची जाळी होती, तिच्यात खोल शिरून बसली होती. काळ्याचा पुढचा पाय सुजला होता. म्हाताऱ्याने काल दोनदा त्याच जाळीपाशी उभं राहून हाका मारल्या होत्या. पिल्लं आत होती आणि आली नव्हती.

नात जाळीपाशी उकिडवी बसली. तिने पुन्हा हाक मारली. तांब्याने काळ्याकडे पाहिलं, काळ्याने तांब्याकडे. दोघांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "यांना आपली हाक कळतच नाही."

म्हाताऱ्याने काळ्याला धोतराच्या झोळीत घेतलं आणि गुरांच्या दवाखान्याची वाट धरली. तांब्या केकाटत मागे आला. दवाखान्यात डॉक्टरांनी काळ्याला टेबलावर घेतलं आणि तांब्याला दाराबाहेर ठेवलं. काळ्याने असा आकांत मांडला की दोन माणसांना त्याला धरावं लागलं. बाहेर तांब्या दारावर अंग आपटत होता.

पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. डॉक्टरांनी पट्टी बांधली, जंताचं औषध दिलं, दोघांनाही पिसाळण्याची लस टोचली. मग विचारलं, "आजोबा, याला किती दुखतंय ते मला कळलं. पण हा दुखण्याने ओरडत नव्हता. एकटा पडला म्हणून ओरडत होता. 'काळ्या' अशी हाक मारली तर कोण येतं?"

"दोघं येतात साहेब. नाहीतर कुणीच येत नाही."

"आणल्यावर रात्री रडली होती?"

"छे! अजिबात नाही. गुणाची निघाली."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "एकटं पिल्लू आणलं की ते तीन-चार रात्री रडतं. मग घरातलं कुणीतरी उठतं, त्याला मांडीवर घेतं, थापटतं. त्या उठण्यातच पिल्लाला माणूस कळतो. तुमची रडली नाहीत, म्हणून तुम्ही उठला नाहीत. यांना तुमची गरजच पडली नाही. तीन आठवड्यांपासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं पिल्लू जग शिकतं. माणसं, आवाज, गाड्या, गुरं, जे त्या दिवसांत धीराने बघून घेतलं त्याला ते पुढे घाबरत नाही. यांनी त्या दिवसांत फक्त एकमेकांना पाहिलं. दोन पिल्लं सोबत वाढवायची म्हणजे दुप्पट काम असतं आजोबा. निम्मं नव्हे."

"मग आता? एक देऊन टाकू?"

"देऊन टाकलंत तरी चालेल, त्यात पाप नाही. ठेवायची असतील तर वेगळी करा. झोपायला वेगळी, खायला वेगळी, फिरायला वेगळी. रोज थोडा वेळ, मग वाढवत न्या. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही."

म्हातारा घरी आला आणि त्याने डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. म्हातारी गप्प ऐकत राहिली. मग उठली, कोपऱ्यातून दुसरी करवंटी काढली, घासली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मांडली.

पहिले दिवस वाईट गेले. काळ्याची करवंटी आंब्याखाली होती, तांब्याची गोठ्यापाशी. तांब्या आपली पेज तशीच टाकून काळ्याच्या करवंटीकडे धावायचा, म्हातारा त्याला उचलून परत आणायचा. काळ्या पेजेला तोंड लावायचा नाही, वाट बघत उभा राहायचा. शेवटी म्हातारी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. बोटावर थोडी पेज घेतली आणि बोट पुढे केलं. काळ्या बराच वेळ बोटाकडे बघत राहिला. मग मान लांब केली, अंग मागेच ठेवून नुसती मान, आणि बोट चाटलं. म्हातारीने पुन्हा बोट बुडवलं. अशी ती अख्खी करवंटी तिने बोटाने चारली. सून वाडीतून आली तेव्हा पोरीची भाकर अजून व्हायची होती. ती काही बोलली नाही, तिनेच पीठ मळायला घेतलं.

रात्री एक जण तंबूच्या आत, एक बाहेर. जो बाहेर असायचा तो रडायचा. आता रडणं ऐकू येत होतं, तेव्हा उठावंही लागत होतं. एका रात्री म्हातारा उठायचा, एका रात्री नात. थंडीत घोंगडी पांघरून नात तांब्याजवळ बसायची आणि त्याच्या कानामागे खाजवत नुसतं 'तांब्या, तांब्या' म्हणत राहायची. जमीन मधूनच घुमायची. तांब्या दचकायचा, इकडेतिकडे काळ्याला शोधायचा, काळ्या नसायचा. मग तो नातीच्या मांडीत तोंड खुपसायचा.

फाल्गुनात मोहाची फुलं गळायला लागली. म्हातारी पहाटे टोपली घेऊन निघायची, काळ्याला दोरीने सोबत न्यायची. पहिल्या दिवशी तो पाय रोवून बसला. म्हातारीने ओढलं नाही. तीही बसली. बऱ्याच वेळाने तो चार पावलं चालला, पुन्हा बसला. त्या दिवशी मोहाची फुलं शेजारणींनी वेचून नेली. म्हातारीची टोपली रिकामी आली. पण आठवड्याने काळ्या झाडापर्यंत गेला, आणि झाडाखाली गेल्यावर जे त्याने केलं ते घरात कुणाला माहीतच नव्हतं. तो वास घेत निघाला. पाचोळ्याला नाक लावून हळूहळू एक वाट धरली आणि एका दगडाशी थांबून गुरगुरला. म्हातारीने काठीने दगड हलवला. खाली फुरसं होतं.

इकडे म्हातारा तांब्याला घेऊन राब भाजायला जायचा. घरी धीट असलेला तांब्या शेतावर म्हाताऱ्याच्या दोन पायांच्या मधून बाहेर यायचा नाही. पाचोळा पेटला की थरथरायचा. पलीकडच्या बांधावर माणूस दिसला की भुंकायचा आणि मागे वळून बघायचा, मागे कुणी आहे का. मागे काळ्या नसायचा. म्हाताऱ्याला तेव्हा उमगलं की तांब्याचा धीटपणा निम्मा काळ्याचा होता आणि काळ्याचा भित्रेपणा निम्मा तांब्याचा. दोघांचा खरा स्वभाव काय ते चार महिने घरात राहूनही कुणी पाहिलेलं नव्हतं.

तांब्याला वेळ लागला. म्हातारा त्याला रोज एकच गोष्ट शिकवायचा, हाकेला यायची. लांब उभं राहून 'तांब्या' म्हणायचं, आला की जवळ्याची चिमूट द्यायची. कधी दहा हाकांना एकदा यायचा. म्हातारा चिडायचा नाही. बैल शिकवलेला माणूस होता तो, एका जोडीतले दोन बैलसुद्धा आधी एकेकटे दाव्याला शिकतात हे त्याला ठाऊक होतं.

चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याची महालक्ष्मीची यात्रा भरली. सून आणि नात देवीला गेल्या. म्हातारी काळ्याला घेऊन वाटेवरच्या पाड्यात बहिणीकडे राहिली. म्हातारा तांब्यासोबत घरी थांबला. पिल्लं जन्मात पहिल्यांदा दिवसभर आणि रात्रभर लांब राहिली. काळ्या अनोळखी अंगणात म्हातारीच्या पायाशी झोपला. इकडे सकाळी उजाडल्यावर मुंगूस आलं. तांब्या भुंकला, मागे वळून बघितलं नाही, आणि सरळ खुराड्यावर धावून गेला. एकही कोंबडी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं भेटले तेव्हा अंगणात धूळ उडाली. एकमेकांना चाटून झालं, लोळून झालं. मग म्हातारीने हाक मारली, "काळ्या." खेळ तसाच सोडून काळ्या एकटा आला. तांब्या बसून राहिला, ती हाक आपली नाही हे त्याला कळलं होतं.

म्हातारी काळ्याच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग म्हाताऱ्याला म्हणाली, "अवो, आपण धाकट्याला कधी नुसती त्याची हाक मारली?"

म्हातारा काही बोलला नाही.

"दोघं सोबत जेवले, सोबत झोपले. थोरला बोटीवर निघाला तेव्हा धाकट्यालाही त्याच्यासोबत धाडला. सोळा वर्षांचा होता. आपण काय म्हणालो? एकमेकांना सांभाळतील. त्याला विचारलं नाही."

जूनच्या सुरुवातीला मुलगे आले. जमीन अजून मधूनच हलत होती, पण पाऊस जवळ आला तशी माणसं घरात झोपायला लागली होती. एका सकाळी म्हातारा धाकट्याला म्हणाला, "चल, बांध बघून येऊ." थोरलाही उठायला लागला. "तू बस," म्हातारा म्हणाला. "आज याच्याशी बोलायचंय."

बांधावर दोघं बसले. म्हाताऱ्याला कसं विचारावं ते सुचेना. शेवटी त्याने सरळ विचारलं, "तुला बोटीवर जायचं असतं का?"

धाकटा ढेकूळ फोडत राहिला. "दादा जातो म्हणून जातो."

"दादा नसता तर?"

"ओढ्याच्या बाजूच्या तुकड्यात मिरची लावली असती. वाणगावला लावतात तशी. भात झालं की रान मोकळंच पडतं आपलं."

हे त्याच्या मनात किती वर्षं होतं ते म्हाताऱ्याने विचारलं नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर थोरला एकटा वेरावळला गेला. जाताना तो आईला म्हणाला, "बरं झालं आई. बोटीवर त्याला समुद्र लागायचा. त्याच्याकडे बघता बघता माझं काम राहायचं आणि तांडेल बोलायचा." धाकट्याने भात निघाल्यावर तुकडा नांगरला. पहिल्या साली मिरची फार आली नाही, दुसऱ्या साली आली.

सोबत असली की पोरकेपण कमी होतं हे खरं. पण आपण पुष्कळदा सोबत देऊन मोकळे होतो. दोन लेकरं, दोन सुना, दोन शिकाऊ कामगार, एकमेकांच्या भरवशावर सोडतो आणि त्यांना समजूतदार म्हणतो, कारण ती आपल्याला उठवत नाहीत. त्यातलं एक दुसऱ्याच्या आडोशाला उभं राहतं, दुसरं त्या आडोशाच्या जोरावर शूर होतं, आणि दोघंही आपल्याला अनोळखी राहतात. म्हातारीने दुसरी करवंटी मांडली तेव्हा तिने पिल्लांची जोडी तोडली नाही. दोघांसाठी दोनदा बसायची तयारी केली.

तुम्हाला कुणी दोन भावंडं पिल्लं देऊ केली, तर आधी घरात दोघांना वेगवेगळा वेळ देणारी माणसं आहेत का ते पाहा. नसतील तर एकच आणा. दुसरं हवं असेल तर पहिलं वर्ष-दीड वर्षाचं होऊ द्या, माणसाळू द्या, मग आणा. आणि दोन्ही आणलीच असतील तर आज रात्रीपासून त्यांना वेगळं झोपवा. ती रडतील. तेव्हा तुम्ही उठा.